चुळबुळ्या मुलांचा मेंदू: दोषापासून उशिरापर्यंत

1902 साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी काही मुलांविषयी व्याख्याने दिली. बुद्धीने चांगली, पण आवेग न आवरणारी ही मुले. लक्ष न टिकणे, अतिचंचलता आणि आवेग न आवरणे या अवस्थेला आज एडीएचडी म्हणतात. स्टिल यांनी या अवस्थेला 'नैतिक नियंत्रणातील दोष' म्हटले. हा शब्द मुलांना फार जड गेला असणार. पुढे मेंदूदाहाच्या साथीतून वाचलेल्या मुलांतही असे वागणे दिसले आणि 'मेंदूची सूक्ष्म इजा' हे स्पष्टीकरण रूढ झाले. बहुतेक मुलांत मात्र अशी इजा कधी सापडलीच नाही.

मेंदूतील जोडण्यांकडे वेगळ्या नजरेने पाहता आले ते 1995 नंतर. माणूस स्वस्थ पडलेला असतानाही हालचाल सांभाळणाऱ्या मेंदूच्या डाव्या-उजव्या भागांतील क्रिया एकाच लयीत चढउतार करते, हे भरत बिस्वाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमआरआयमधून दाखवले. ज्यांची लय जुळते ते भाग जोडलेले मानायचे. लहान मुलांसाठी ही मोठीच सोय होती: यंत्रात कोडी सोडवायची नाहीत, फक्त निश्चल पडायचे.

2007 मध्ये अमेरिकेतील फिलिप शॉ यांच्या गटाने एडीएचडी असलेल्या 223 आणि नसलेल्या तितक्याच मुलांच्या कॉर्टेक्सची, म्हणजे मेंदूच्या बाहेरील थराची, जाडी मोजली. बालपणी ही जाडी शिखर गाठते आणि मग ओसरते. कॉर्टेक्सचा निम्मा भाग त्या शिखराला पोचण्याचे मध्यक वय एडीएचडी नसलेल्या मुलांत 7.5 वर्षे, तर असलेल्यांत 10.5 निघाले. विकासाचा क्रम साधारण तोच, वेळ उशिराची. सर्वांत जास्त उशीर कपाळामागच्या भागात. मला हा निष्कर्ष या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्याने 'दोष' या शब्दाच्या जागी 'उशीर' आणला.

जोडण्यांचे चित्र इतके सरळ निघाले नाही. 2011 च्या एका जागतिक स्पर्धेत स्कॅनवरून एडीएचडी ओळखायचा होता. सर्वांत अचूक अंदाज आले ते स्कॅन बाजूला ठेवून वय, लिंग, बुद्ध्यांक अशा माहितीवरच विसंबलेल्या गटाचे. लगेच 2012 मध्ये आणखी एक अडचण उघड झाली. डोके मिलिमीटरभरापेक्षाही कमी हलले, तरी दूरच्या जोडण्या खोट्याच क्षीण दिसतात आणि जवळच्या बळकट. लहान मुले हलतात, एडीएचडी असलेली त्याहून जास्त. म्हणजे जी चुळबुळ समजून घ्यायची, तीच मोजमापात शिरली होती. आधीचे कित्येक निष्कर्ष त्यामुळे पुन्हा तपासावे लागले.

आता अमेरिकेत नऊ-दहा वर्षांच्या सुमारे 11,800 मुलांपासून सुरू झालेल्या अभ्यासात त्याच मुलांचे स्कॅन ठरावीक वर्षांनी पुन्हा घेतले जातात.