पिंजऱ्यातली जास्तीची मादी
(बजी म्हणजे छोट्या रंगीत पोपटांची वीण लावलेल्या ग्राहकांसाठी)

"मादीनं पिल्लाचं डोकं फोडलं, आता काय करू?" असे फोन आम्हाला सतत येतात. आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: नर किती, माद्या किती? बऱ्याचदा एक मादी जास्त निघते.

बजी थव्यानं राहतात, म्हणून एखादा पक्षी जास्त झाला तर बिघडलं कुठे, असं वाटतं. एरवी बिघडत नाहीही. पण अंडी घालायच्या पेट्या टांगल्या की माद्या बदलतात. बिनजोडीच्या मादीला जागा हवी असते आणि ती दुसरीच्या पेटीत शिरते. आत झटापट होते, अंडी फुटतात, पिल्लं जखमी होतात, पुष्कळदा मरतात. रिकामी पेटी दिली तरी तिला नेमकी दुसरीचीच हवी असते. तेव्हा जोड्या मोजून ठेवा, जोडीमागे निदान दीड-दोन पेट्या द्या आणि सगळ्या एकाच उंचीवर, एकाच दिवशी लावा. एखादी वर टांगली की तिच्यासाठीच मारामारी. पिल्लं असताना नवा पक्षी सोडू नका, पेट्यांची जागाही हलवू नका.

"एक मादी मेली, दुसरी द्या" म्हणून कोणी आलं आणि त्याच पिंजऱ्यात इतर जोड्यांची पिल्लं असली, तर आम्ही मादी देत नाही. काही जण नाराज होतात. पण विक्री एका पक्ष्याची आणि नुकसान अख्ख्या विणीचं, हे आम्हाला पटत नाही. तोवर विधुर नर वेगळा ठेवा.

एकच जोडी असून आईच पिल्लांची पिसं उपटत असेल, तर कारण वेगळं. अंडी एक दिवसाआड घातली जातात आणि साधारण 18 दिवसांनी त्याच क्रमानं फुटतात. त्यामुळे पाच पिल्लांत थोरल्या-धाकट्यात आठवडाभराचं अंतर पडतं. थोरलं महिन्याचं होईतो आईला पुढची अंडी घालायची घाई होते आणि ती त्याला हुसकावते. इथे पेटी काढून घेऊ नका, धाकटी अजून आत असतात. पेटीबाहेर आलेली पिल्लं बापासोबत शेजारच्या पिंजऱ्यात हलवा. बाहेर आलेल्यांना भरवणं मुख्यतः त्याचंच काम असतं. आईकडच्या धाकट्यांची गळ्याखालची अन्नाची पिशवी रोज संध्याकाळी भरलेली आहे ना, ते बघा. उपटलेली पिसं पुन्हा येतात. रक्त दिसलं तर मात्र पिल्लू त्याच क्षणी वेगळं करा. यासाठी मधे सरकती जाळी असलेला जोडपिंजरा आमच्याकडे मिळतो. वीण लावण्याआधीच घेतलात तर ऐनवेळी धावपळ होत नाही.

आता ही जास्तीची मादी येते कुठून? लहान वयात घेतलेल्या पक्ष्यांतून. पिल्लांच्या नाकाचा, म्हणजे चोचीवरच्या मांसल भागाचा, रंग नर-मादीत जवळपास सारखाच गुलाबी-जांभळट दिसतो. मोठेपणी नराचं नाक बहुधा निळं होतं, मादीचं पांढरट ते तपकिरी. लुटिनो (पिवळ्या, लाल डोळ्यांच्या) आणि अल्बिनो (पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या) नरांचं तर मोठेपणीही गुलाबीच राहतं, तिथे भलेभले फसतात. म्हणून विणीची जोडी आम्ही नाकाचा रंग पक्का झाल्यावरच देतो, थोडं थांबावं लागलं तरी. आमच्याकडून नर म्हणून घेतलेली मादी निघाली, तर पेट्या लावण्यापूर्वी आणा, बदलून देऊ.