ग्राइंडरने चेनचं पाणी उतरतं का?

2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दापोलीकडच्या बागा आडव्या झाल्या, तेव्हा चेनसॉची, म्हणजे झाडं कापायच्या साखळीच्या यांत्रिक करवतीची, किंमत सगळ्यांनाच कळली. तिच्याबद्दलचा एक समज मात्र कोकणात अजून टिकून आहे: धार काढायला चेन ग्राइंडरला लावली की दातांचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं, मग ती बादच.

पाणी उतरवते ती उष्णता. दात चाकावर दाबून धरला की कड क्षणात निळी पडते. साधारण 300 अंशांना पोलाद असं निळं होतं आणि तिथला कडकपणा जातो. दात पाण्याच्या बादलीत बुडवला तरी तो कडकपणा काही परत येत नाही. निळा भाग कानशीने सावकाश काढावा लागतो. म्हणून चाक नुसतं टेकवायचं, उचलायचं, पुढचा दात घ्यायचा. एवढं पाळलं तर चेनला काही होत नाही.

पण कोयता लावायचं जाड, सपाट चाक इथे चालत नाही, हे मी ठासून सांगतो. दाताला आतून गोलाई लागते. त्यासाठी पातळ, गोल कडेचं चाक आणि चेन ठरल्या कोनात, बहुधा 30 अंशांत, धरणारा शिकंजा हवा. हातात धरून तो कोन साधत नाही, डावे-उजवे दात लहानमोठे होतात आणि काप एका बाजूला ओढतो.

दातापुढचा उंचवटाही तपासा. तो धारेपेक्षा साधारण 0.65 मिमी खाली हवा. तो उंच राहिला तर धारदार चेनही फणसाच्या खोडावर नुसता भुसा पाडते.