हीथ्रो एक्स्प्रेसच्या ‘नव्या’ गाड्या आणि एका कारशेडची जागा

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनातून हीथ्रो विमानतळाला जाणाऱ्या हीथ्रो एक्स्प्रेसच्या गाड्या २०२० च्या डिसेंबरात बदलल्या. २८ तारखेला जुन्या ‘क्लास ३३२’ गाड्या शेवटच्या धावल्या आणि २९ पासून ‘क्लास ३८७’ आल्या. कोविडमुळे विमानतळ ओस होता, त्यामुळे हा बदल पाहायला प्रवासीही थोडेच होते. जुन्या गाड्या म्हाताऱ्या झाल्या म्हणून नव्या आणल्या, असं वरवर वाटतं. खरं कारण जागेचं होतं.

हीथ्रोला रेल्वे मुळात उशिराच पोचली. पिकाडिली लाइनची भुयारी रेल्वे १९७७ साली विमानतळापर्यंत गेली. ती स्वस्त, पण वाटेत असंख्य थांबे. मुंबईहून दोन जड बॅगा घेऊन उतरलेल्या माणसाला त्या बुटक्या डब्यांत बॅग कुठे टेकवावी, हा प्रश्न आजही पडतो. विमानतळाची मालकी असलेल्या, १९८७ साली खासगी झालेल्या ‘बीएए’ कंपनीला वेगळी, थेट गाडी हवी होती. संसदेने १९९१ मध्ये त्यासाठी कायदा केला आणि नंतर बोगद्यांचं काम सुरू झालं.

इथे प्रकल्प अक्षरशः खचला. २१ ऑक्टोबर १९९४ च्या पहाटे विमानतळाच्या मधोमध खणले जात असलेले बोगदे कोसळले. वरची जमीन खाली गेली आणि कार्यालयाची एक इमारत कलंडली. माणसं आधीच बाहेर काढली होती, म्हणून जीवितहानी टळली. माती खणताच तिच्यावर काँक्रीट फवारून अस्तर उभं करायची पद्धत इथे वापरली होती. अस्तराचं काम कच्चं होतं, डागडुजी निकृष्ट होती आणि जमीन हलत असल्याचं मोजमापांत दिसत असूनही काम चालू राहिलं. १९९९ मध्ये न्यायालयाने कंत्राटदार बाल्फोर बीटीला १२ लाख पौंड आणि सल्लागार जिओकन्सल्टला ५ लाख पौंड दंड केला. या घटनेचा धसका इतका होता की लंडनमध्ये याच पद्धतीने चाललेली इतर बोगद्यांची कामंही काही काळ थांबली.

बोगदे पूर्ण होईपर्यंत, १९९८ च्या जानेवारीपासून, विमानतळाच्या अलीकडे एक तात्पुरतं स्टेशन उभारून गाडी तिथपर्यंत नेली. पुढे बस. अखेर २३ जून १९९८ रोजी पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी पूर्ण मार्गाचं उद्घाटन केलं. पॅडिंग्टन ते हीथ्रो १५ मिनिटं, दर पाव तासाला गाडी, तिकीट १० पौंड.

क्लास ३३२ ही स्पेनच्या ‘काफ’ने बांधलेली आणि सीमेन्सची विद्युत यंत्रणा असलेली गाडी. सगळे मिळून १४ रेक. पॅडिंग्टनच्या या मुख्य मार्गावर तेव्हा बाकी सगळ्या गाड्या डिझेलच्या. ओव्हरहेड वायर टाकली ती फक्त विमानतळाच्या फाट्यापर्यंत, याच गाडीसाठी. सुरुवातीला पॅडिंग्टनलाच बॅगा चेक-इन करायची सोय होती. ती काही वर्षांत बंद पडली. गाड्याही अगदी निर्दोष नव्हत्या. २०१६ च्या फेब्रुवारीत एका डब्याखाली दोष सापडला आणि सगळे रेक एकदम सेवेतून काढावे लागले.

पण घात केला तो कारशेडने. पॅडिंग्टनच्या पश्चिमेला ओल्ड ओक कॉमन इथे या गाड्यांचं कारशेड होतं आणि नेमकी तीच जागा ‘एचएस-२’ या नव्या वेगवान रेल्वेच्या स्टेशनला हवी होती. मेट्रो-३ च्या कारशेडवरून आरे की कांजूरमार्ग हा घोळ वर्षानुवर्षं पाहिलेल्या मुंबईकराला यात काय अडचण होती, हे समजावून सांगायला नको. लँगलीला नवं कारशेड बांधायचा बेत होता. त्याचा खर्च आणि व्याप मोठा. तेवढ्यात दुसरी वाट निघाली. पॅडिंग्टनहून पश्चिमेकडे गाड्या चालवणाऱ्या ग्रेट वेस्टर्न रेल्वे कंपनीच्या मार्गाचं एव्हाना विद्युतीकरण झालं होतं आणि तिने २०१६-१७ मध्ये डर्बीत बॉम्बार्डियरने बांधलेल्या क्लास ३८७ गाड्या घेतल्या होत्या. रेडिंगपर्यंतच्या थांबत जाणाऱ्या फेऱ्या २०१९ च्या अखेरीस लंडनच्या परिवहन यंत्रणेकडे, म्हणजे पुढे लंडनच्या आरपार जाणाऱ्या एलिझाबेथ लाइन या रेल्वेकडे, जाणार होत्या. मग ग्रेट वेस्टर्नचे काही रेक मोकळे होणार होते.

मार्च २०१८ मध्ये करार जाहीर झाला. हीथ्रो एक्स्प्रेस हे नाव आणि मालकी विमानतळाकडेच, गाड्या चालवायच्या ग्रेट वेस्टर्नने आणि देखभाल रेडिंगच्या कारशेडमध्ये. चार डब्यांचे १२ रेक निवडले, त्यांत सामानाचे रॅक वाढवले, वाय-फाय बसवलं आणि बाहेरून रंग बदलला. म्हणजे ‘नव्या’ म्हणून आलेल्या गाड्या दुसऱ्या मार्गावर वापरून झालेल्या होत्या. जुन्या ३३२ मात्र जेमतेम बावीस वर्षांच्या वयात मोडीत गेल्या. मुंबई लोकलच्या डब्याचं आयुष्यही आपण पंचवीस वर्षं धरतो, आणि तिच्या गर्दीशी या गाड्यांच्या राबण्याची तुलनाच नको. लंडनमध्ये याबद्दल हळहळ फारशी दिसली नाही, मला मात्र गाड्या अशा मोडीत काढणं ही उधळपट्टीच वाटते.

प्रवाशाच्या दृष्टीने खरा बदल २०२२ च्या मे महिन्यात झाला, एलिझाबेथ लाइनचा मधला भाग सुरू झाला तेव्हा. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून विमानतळाहून शहराच्या थेट मध्यात नेणारी ही गाडी वाटेत हेझ, साउथॉल, ईलिंगलाही थांबते. भारतीय कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात तो हाच पट्टा, आणि एक्स्प्रेस त्यातून न थांबता निघून जाते. ऐनवेळी काढलेलं एक्स्प्रेसचं तिकीट दरम्यान २५ पौंडांवर गेलं होतं, एलिझाबेथ लाइनचं त्याच्या जवळजवळ निम्म्यात. पॅडिंग्टनच्या सहा-सात नंबरच्या फलाटांवरून दर पंधरा मिनिटांनी सुटणाऱ्या गाडीने वाचणारी मिनिटं इतकी महाग घ्यायची का, हा हिशेब आता ज्याने त्याने करायचा आहे. ग्रेट वेस्टर्नशी झालेला करार २०२८ पर्यंतचा आहे.