दोन कोनांमधील अंतर: स्केटबोर्ड स्लॅलमच्या मांडणीची पार्श्वभूमी

नागपुरात स्केटिंग शिकणारी मुले रांगेत मांडलेल्या कोनांमधून (म्हणजे शंकूच्या आकाराच्या खुणांमधून) नागमोडी वळणे घेतात, ती मांडणी इनलाइन स्केट्ससाठी, म्हणजे एका ओळीत चाके असलेल्या स्केट्ससाठी असते. तिच्या स्पर्धांत दोन कोनांमधील अंतर ५०, ८० किंवा १२० सेंटिमीटर ठरलेले आहे. स्केटबोर्डला हे माप चालत नाही, कारण बोर्डची लांबीच साधारण पाऊण मीटर भरते. त्याची मापे वेगळ्या वाटेने आली आहेत आणि मांडणी करणाऱ्याने ती वाट जाणून घेणे मला आवश्यक वाटते.

'स्लॅलम' म्हणजे खुणांमधून नागमोडी जाण्याची शर्यत; हा शब्द नॉर्वेचा असून त्यात उतार आणि वाट असे दोन्ही अर्थ आहेत. १९२२ मध्ये स्वित्झर्लंडमधील म्युरेन येथे आर्नल्ड लन यांनी खांबांच्या जोड्यांमधून स्की करत जाण्याची शर्यत घेतली आणि निकाल केवळ वेळेवर ठरवला. रस्त्यावरचा कोन मात्र क्रीडांगणातून आलेला नाही. लॉस एंजेलिसमध्ये रस्ते रंगवण्याच्या कामावर असलेल्या चार्ल्स स्कॅनलन यांना ओला रंग वाहनांपासून वाचवायचा होता. त्यांच्या कोनाला १९४३ मध्ये पेटंट मिळाले. धक्का लागला तरी इजा न करणारी ही वस्तू पुढे स्केटबोर्डच्या कामी आली.

१९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत स्लॅलम होते, परंतु त्या काळची मातीची चाके वळणावर घसरत असल्याने कोन जवळजवळ ठेवून वेग राखणे कठीण होते. १९७०च्या दशकाच्या आरंभी फ्रँक नॅसवर्दी यांनी युरेथेन या लवचिक प्लास्टिकची चाके आणली, आणि माझ्या मते खरे वळण तेथेच आहे. चाक डांबराला धरून राहू लागताच स्वारांना शरीराचा भार एका बाजूकडून दुसरीकडे टाकत वेग निर्माण करता येऊ लागला. कॅलिफोर्नियातील ला कोस्टा येथे घरे उभी राहण्याआधीच तयार झालेल्या गुळगुळीत रस्त्यांवर १९७५च्या सुमारास या शर्यती रंगल्या. आज टाइट स्लॅलममध्ये कोनांमधील अंतर सुमारे दीड ते दोन मीटर असते, तर जायंट स्लॅलममध्ये ते बरेच वाढते आणि कोन मध्यरेषेपासून दूर सरकवले जातात. उतार तीव्र असेल तर हे बाजूला सरकवणेच वेगाला आवर घालते. सौम्य उतारावर तेच फार केले तर स्वाराची लय तुटते.

नागपूरची जमीन बहुतांश सपाट आहे. सेमिनरी हिल्ससारखे चढउतार थोडेच. म्हणून येथे टाइट स्लॅलमपासून आरंभ करणे योग्य ठरेल; आरंभीचा वेग मिळावा यासाठी सपाट जागी लाकडी उतरण वापरण्याची पद्धत या खेळात रूढ आहेच. रहदारी नसलेली बंदिस्त जागा निवडावी, टेप धरून अंतरे मोजावीत आणि प्रत्येक कोनाभोवती खडूने वर्तुळ आखावे. कोन वर्तुळाबाहेर गेला की स्वाराच्या वेळेत दंड मिळवला जातो, आणि पुढच्या स्वारासाठी तो नेमका त्याच जागी परत ठेवता येतो.