नशेमुळे होणारे मृत्यू (बेळगाव सीमाभाग)

दारू, अफूच्या कुळातली औषधे, झोपेच्या गोळ्या किंवा पंक्चर काढायच्या सोल्युशनसारखे हुंगायचे पदार्थ घेतल्याने ओढवणारा मृत्यू. यात अतिमात्रा म्हणजे ओव्हरडोस येतोच, पण दारू एकाएकी तोडल्याने येणारे मरणही येते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, तसेच कारवार-हल्याळ आणि बिदर-भालकीकडच्या मराठी घरांत या मरणाबद्दल फारसे बोलले जात नाही. ‘हार्ट अटॅक आला’ एवढेच गावाला सांगितले जाते. यातले कितीतरी मृत्यू तासन् तास, घरात माणसे असताना घडतात. म्हणूनच ते टाळता येतात.

दिल्लीच्या एम्सने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक दारू पितात, २.८ टक्के भांग-गांजा घेतात आणि २.१ टक्के अफूजन्य पदार्थ वापरतात. जगाचा हिशेब घेतला तर दारू-तंबाखू सोडून इतर नशेच्या मृत्यूंत अफूजन्य पदार्थांचा वाटा सर्वांत मोठा आहे. आपल्याकडे मात्र दारूला बाजूला ठेवून या विषयावर बोलताच येत नाही.

घोरणे. हेरॉईन, मॉर्फीन, खोकल्याच्या औषधातले कोडीन, दुखण्यावरच्या ट्रामाडोल-टॅपेंटाडोलच्या गोळ्या ही सगळी औषधे मेंदूतले श्वास चालवणारे केंद्र मंद करतात. दारू आणि अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्याही तेच करतात. त्यामुळे एकेकटे पचले असते ते दोन्ही एकत्र घेतल्यावर जीव घेते. माणूस उताणा पडलेला असतो. घशात घुरघुर चालू असते, मग ती थांबते, आणि पुढचा श्वास येईपर्यंत बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. ओठ आणि नखे निळसर पडतात. अफूजन्य औषध असेल तर डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. घरचे म्हणतात, ‘जास्त झालीय, घोरतोय, झोपू दे.’ ते झोपेचे घोरणे नसते, श्वास अडत असतो.

अशा वेळी मोठ्याने हाक मारावी, छातीच्या मधल्या हाडावर मुठीची हाडे जोरात घासावीत. तरीही जाग येत नसेल तर १०८ ला फोन करावा. माणसाला कुशीवर वळवून वरचा गुडघा दुमडून ठेवावा, म्हणजे उलटी झाली तरी श्वासनलिकेत जात नाही. श्वास थांबला तर तोंडाने द्यावा. लिंबू, ताक, मिठाचे पाणी काहीही पाजू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातलेला घोट थेट फुप्फुसात जाऊ शकतो. अफूजन्य औषधावर नॅलॉक्सोन हा उतारा आहे. तो काही मिनिटांत श्वास परत आणतो, पण त्याचा असर साधारण अर्धा ते दीड तासच टिकतो आणि मूळ औषध अंगात उरलेले असते. म्हणून शुद्धीवर आला की लगेच घरी नेऊ नये. दारूवर हा उतारा चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये असे सुचवले की, नशा करणाऱ्याच्या घरच्यांच्या हातीही नॅलॉक्सोन असावे. आपल्याकडे ते अजून घरोघरी पोचलेले नाही, ते पोचायला हवे.

माळ घातल्यावर. पंढरीच्या वाटेवरच्या या भागात माळ घालून दारू सोडण्याची रीत जुनी आहे आणि तिने अनेक संसार सावरले आहेत. पण वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एका रात्रीत बंद केली तर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन-चार दिवसांत हात थरथरतात, घाम सुटतो, भिंतीवर किडे चालताना दिसतात, माणूस भलतेच बरळतो. घरचे त्याला ‘बाहेरचे’ समजून देवऋषीकडे नेतात आणि उपचाराची वेळ निघून जाते. दवाखान्यात योग्य गोळ्या आणि थायमिन हे जीवनसत्त्व देऊन हा टप्पा सुखरूप पार पाडता येतो. माळ जरूर घालावी, पण आधी डॉक्टरला दाखवून.

दुसरी चूक मायेपोटी होते. दारू सोडवणारी गोळी किंवा पावडर नवऱ्याच्या चहात गुपचूप घातली जाते. त्यात डायसल्फिराम असले आणि तो नेहमीप्रमाणे प्यायला, तर रक्तदाब कोसळून त्याचा जीव जाऊ शकतो. हे औषध घेणाऱ्याला माहीत असल्याशिवाय देऊच नये.

विषारी दारू. मिथेनॉल मिसळलेल्या दारूने १९८१ मध्ये बंगळूरात तीनशेवर आणि २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरावर माणसे गेली. कर्नाटकात सारायी या स्वस्त देशी दारूवर २००७ पासून बंदी आहे. गोव्याची दारू करामुळे स्वस्त म्हणून चोर्ला आणि अनमोड घाटातून चोरून येते; चोरट्या बाटलीत नेमके काय आहे ते कोण तपासणार? मिथेनॉलचा त्रास बरेच तास उलटल्यावर सुरू होतो. पिऊन दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे धुके आले तर ती साधी हँगओव्हरची गोष्ट नाही, ताबडतोब रुग्णालय गाठावे.

सोल्युशन. रुमालात सोल्युशन घेऊन हुंगणाऱ्या पोराला पाहून लोक ओरडतात, मागे धावतात. या वाफांनी हृदय इतके हळवे झालेले असते की अचानक धावणे किंवा दचकणे यानेच ते बंद पडू शकते. हळू बोलावे, मोकळ्या हवेत बसवावे.

व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटून आलेल्या माणसाचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात. शरीराची सवय मोडलेली असते आणि तो जुनीच मात्रा घेतो. केंद्रातून घरी सोडताना हे घरच्यांना त्यांच्या भाषेत सांगितले गेले पाहिजे.

पोलिसांच्या भीतीने कित्येक जण दवाखान्याची पायरी चढत नाहीत. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ६४अ मात्र स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या वा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६ हे क्रमांक मोफत आहेत. बेळगावात बिम्स हे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आहे; दोन्ही सरकारी आहेत. निपाणीकरांना मात्र बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडते, तर चंदगडचा माणूस बेळगावच गाठतो. रात्री-अपरात्री गाडी कुठल्या दिशेने न्यायची हे घरात आधीच ठरलेले असावे.