किल्ट आणि युवा उपसंस्कृती
किल्ट हे स्कॉटलंडमधील पुरुषांचे कमरेपासून गुडघ्यापर्यंतचे लोकरी वस्त्र असून त्याला मागच्या बाजूस शिवून पक्क्या केलेल्या निऱ्या आणि पुढे एकावर एक येणारे दोन सपाट पदर असतात. ते बहुधा टार्टनचे, म्हणजे उभे-आडवे रंगीत पट्टे ठरावीक क्रमाने विणलेल्या चौकटीच्या कापडाचे, शिवतात. हाताने शिवलेल्या पारंपरिक किल्टला सुमारे आठ वार कापड लागते, म्हणजे नऊवारी लुगड्याहून थोडेच कमी. १९७० च्या दशकापासून आधी पंक, म्हणजे प्रस्थापितांना डिवचणाऱ्या रांगड्या रॉक संगीताभोवती जमलेले तरुण, मग फुटबॉलचे चाहते, मेटल (कर्कश, जड रॉक) व गॉथ (उदास सुरांच्या, काळ्या वेषाच्या) संगीताचे श्रोते आणि अखेरीस लग्नसमारंभाला निघालेले सामान्य स्कॉटिश तरुण अशा एकमेकांशी फारसे नाते नसलेल्या गटांनी हे वस्त्र आपलेसे केले.

किल्टभोवतीचे नियम जितके जुने समजले जातात तितके ते नाहीत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ हायलँड प्रदेशात दिसू लागलेले मूळ वस्त्र अंगाभोवती गुंडाळून पट्ट्याने आवळलेले आणि खांद्यावर घेतलेले एकच लांबरुंद कापड होते. त्याचा फक्त कमरेखालचा भाग वेगळा करून नेसण्याची पद्धत अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाली. पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांनी केलेल्या जॅकोबाइट बंडानंतर ब्रिटिश संसदेने १७४६ मध्ये केलेल्या कायद्याने पुरुषांना व मुलांना हायलँड वेष घालण्यास बंदी केली. पहिल्या अपराधास सहा महिने कैद आणि दुसऱ्यास सात वर्षे सागरापार हद्दपारी अशी शिक्षा होती. ही बंदी १७८२ पर्यंत टिकली, मात्र सैन्य तिच्यातून वगळले होते. त्यामुळे मधल्या काळात किल्ट पलटणींचा गणवेश म्हणून जगला आणि साम्राज्याबरोबर दूरवर गेला. आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे १८०३ मध्ये शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेल्या ब्रिटिश सेनापती वेलस्लीच्या सैन्यात ७८ वी हायलँडर्स ही पलटण होती. पुढे १८२२ मध्ये राजे चौथे जॉर्ज यांच्या एडिंबरा भेटीचा सोहळा कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी आखला. त्यात स्वतः राजाने हायलँड वेष केला आणि डोंगराळ भागातील लोकांचा पोशाख साऱ्या राष्ट्राचा व उच्चभ्रूंचा दरबारी पोशाख ठरला. प्रत्येक कुळाचे टार्टन वेगळे, हा कटाक्षही मुख्यतः एकोणिसाव्या शतकातलाच आहे.

सैन्य, राजघराणे आणि जमीनदार यांच्याशी जडलेले हे नातेच पंक तरुणांना उपयोगी पडले. लंडनच्या किंग्ज रोडवरील ४३० क्रमांकाच्या दुकानात फॅशन रचनाकार व्हिव्हियन वेस्टवुड आणि त्यांचे साथीदार माल्कम मॅकलॅरन १९७० च्या दशकाच्या मध्यास जे कपडे विकत, त्यांत टार्टनच्या, पट्ट्यांनी पाय एकमेकांना बांधलेल्या विजारी आणि त्यांवर बांधायचे आखूड किल्ट होते. सेक्स पिस्टल्स या पंक वाद्यवृंदाने ते रंगमंचावर आणले. टार्टन फाडून, सेफ्टी पिना टोचून, चामडी जाकीट व जड बुटांसोबत घालण्यात स्कॉटिश अभिमानाचा भाग जवळजवळ नव्हता. प्रतिष्ठित कापडाची विटंबना हाच त्यामागचा हेतू होता, आणि ती उठून दिसावी यासाठी कापड आधी प्रतिष्ठित असणे आवश्यक होते. मुलींनी आखूड किल्ट फाटक्या मोज्यांवर घालून शाळेच्या गणवेशाचीही अशीच थट्टा केली. पुढे वेस्टवुड यांनी १९९३ च्या संग्रहात टार्टनला उंची फॅशनचे स्थान दिले, आणि जपानमध्ये टोकियोच्या हाराजुकू या फॅशनप्रिय भागातील तरुणाईपर्यंत ते मुख्यतः त्यांच्या कपड्यांमधून पोहोचले. बंडाचा पोशाख दोन दशकांच्या आत महागड्या दुकानांत जाणे हे उपसंस्कृतींच्या बाबतीत नेहमीचेच आहे.

खुद्द स्कॉटलंडमध्ये मात्र त्या काळातील अनेक तरुणांना किल्ट अवघडल्यासारखा वाटे. बिस्किटांच्या डब्यांवरील चित्रे, पर्यटकांची दुकाने आणि लष्करी संचलने यांत तो अडकला होता. एडिंबराच्या बे सिटी रोलर्स या गायकमंडळींच्या किशोरवयीन चाहत्यांनी १९७५ च्या सुमारास टार्टनचे गळपट्टे आणि काठ मिरवले खरे, पण किल्ट नव्हे. बदल घडवला तो ‘टार्टन आर्मी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फुटबॉल चाहत्यांनी. १९८० आणि १९९० च्या दशकांत राष्ट्रीय संघामागे परदेशी जाताना त्यांनी किल्टवर संघाची जर्सी, घोट्यापर्यंत घसरलेले जाड मोजे आणि चालण्याचे बूट असा वेष रूढ केला. दंगेखोर म्हणून बदनाम असलेल्या इंग्लिश चाहत्यांपासून आपण वेगळे आहोत हे त्यांना दाखवायचे होते. जाकीट, बो टाय आणि चकचकीत बूट यांवाचून किल्ट घालता येतो, हे एखाद्या शिंप्याच्या जाहिरातीपेक्षा याच गर्दीने जास्त पटवून दिले.

याच काळात स्कॉटलंडला स्वतःची संसद मिळावी या मागणीला जोर आला. १९९७ मध्ये सार्वमत झाले आणि १९९९ मध्ये संसद भरली. याच सुमारास भाड्याने पोशाख देणाऱ्या दुकानांमुळे लग्नात वर आणि त्याचे मित्र किल्टमध्ये असणे सर्वसाधारण झाले. एडिंबराचे शिंपी हॉवी निकल्सबी यांनी डेनिम, चामडे आणि सुटाचे कापड वापरून रोज घालण्याजोगे किल्ट शिवले. पुढे लोंबणाऱ्या स्पॉरन या कातडी बटव्याऐवजी त्यांनी खिसे दिले. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे २००० मध्ये सुरू झालेल्या युटिलिकिल्ट्स या कंपनीने जाड सुती कापडाचे, मोठ्या खिशांचे किल्ट विकले. त्यांच्या गिऱ्हाइकांना स्कॉटिश पूर्वज असणे मुळीच आवश्यक नव्हते. मेटल संगीतात कॉर्न या वाद्यवृंदाचे गायक जोनाथन डेव्हिस किल्ट घालून बॅगपाइप वाजवतात, तर गॉथ तरुणांत साध्या काळ्या रंगाचे, साखळ्या-पट्ट्यांचे किल्ट दिसतात. पाश्चात्त्य समाजात पुरुषाने विजारीवाचून वावरण्याची जवळजवळ एवढीच सर्वमान्य सोय असल्याने, स्त्री-पुरुष वेषांतील भेद न मानणाऱ्या तरुणांनाही किल्ट जवळचा वाटतो. पुरुषत्व आणि सैनिकीपणा यांची त्याची जुनी ओळख त्यांना येथे आडोसा म्हणून उपयोगी पडते, हा त्यातला विरोधाभास आहे.

या नव्या वापरावर आक्षेपही आहेत. जुने किल्टकार कृत्रिम धाग्याच्या, यंत्रावर शिवलेल्या स्वस्त किल्टना किल्ट मानायलाच तयार नसतात. असा बराच माल पाकिस्तानातील सियालकोट येथून येतो, जिथे ब्रिटिश सैन्याच्या काळापासून बॅगपाइपही बनतात. परक्या कुळाचे टार्टन घालू नये असा संकेत काही जण पाळतात, पण त्याला कायद्याचा आधार नाही. २००८ च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या स्कॉटिश टार्टन नोंदवहीत नवे टार्टन कोणालाही शुल्क भरून नोंदवता येते, आणि तिच्यात कुळे व परगणे यांच्याबरोबरच कंपन्यांच्या आणि निव्वळ फॅशनसाठी रचलेल्या टार्टनसाठीही स्वतंत्र वर्ग आहेत.