मॅट्रिकचं दार आणि दहावीचा निकाल

निकालाच्या दिवशी दुपारी एकला बोर्डाचं संकेतस्थळ दोनच गोष्टी विचारतं: बैठक क्रमांक आणि आईचं नाव. ते भरलं की स्क्रीनवरचं चक्र गरगरत राहतं. घरातली चार डोकी एका मोबाईलवर वाकलेली असतात, कुणीतरी 'रिफ्रेश कर, रिफ्रेश कर' म्हणत असतं, आणि मग गुण उमटतात. पुढच्या पाच मिनिटांत पहिला फोन येतो तो मामाचा किंवा काकाचा. अभिनंदन उरकून तो लगेच विचारतो, 'मग, पुढे काय?'

खरं तर या परीक्षेचा जन्मच त्या प्रश्नासाठी झाला. शाळा संपल्याचा दाखला देणं हे तिचं मूळ काम नव्हतंच.

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झालं. विद्यापीठ म्हटल्यावर आत कुणाला घ्यायचं हे ठरवावं लागणार, म्हणून मॅट्रिक्युलेशन, म्हणजे मॅट्रिक, ही प्रवेश परीक्षा आली. मॅट्रिक्युलेशन या शब्दाचा अर्थच मुळी विद्यापीठाच्या पटावर नाव चढणं असा आहे. पहिली परीक्षा १८५९ मध्ये झाली. बसलेली मुलं शंभरावर, पार पडलेली पंचविसाच्याही आत. त्या मूठभरांत महादेव गोविंद रानडे होते आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. तीन वर्षांनी, १८६२ मध्ये, विद्यापीठाचे पहिले चार बी.ए. बाहेर पडले: रानडे, भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. म्हणजे निदान या चौघांच्या बाबतीत तरी परीक्षेनं नेमकं तेच केलं, ज्यासाठी ती काढली होती.

बाकीच्यांचं तसं झालं नाही. सरकारी कचेऱ्यांना इंग्रजी येणारे कारकून हवे होते. उमेदवाराला कितपत येतं हे तपासायची आयती सोय विद्यापीठानं करून ठेवलीच होती. मग रेल्वे, पोस्ट, कलेक्टर कचेरी, सगळीकडे 'मॅट्रिक पास' ही अट बसली. कॉलेजात पाऊलही न ठेवणारी मुलं कॉलेजची प्रवेश परीक्षा द्यायला लागली. १८८२च्या हंटर शिक्षण आयोगाला ही विसंगती दिसली होती. वरच्या इयत्तांना दोन वाटा करा, एक विद्यापीठाकडे जाणारी आणि दुसरी व्यापार-व्यवसायाकडे वळणारी, असं त्यानं सुचवलं. पुढे स्कूल फायनलसारख्या परीक्षा निघाल्याही. पण लोकांच्या तोंडी बसली ती मॅट्रिकच. जो झाला तो मॅट्रिक आणि जो गचकला तो 'नॉन-मॅट्रिक'. नापास होण्याची सुद्धा एक पदवी असावी आणि ती लग्नाच्या बोलण्यांत सांगितली जावी, हा चमत्कार आपल्याकडचाच.

खेड्यातल्या बहुतेकांना हे दार दिसतही नव्हतं. त्यांची परीक्षा मराठी सातवीची, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल. नुसतं 'फायनल झालाय' म्हटलं की गाव ओळखायचं. त्या बळावर प्राथमिक शाळेत मास्तर होता येई, तलाठी होता येई. आजही जुन्या माणसांचं पाढ्यांचं आणि अक्षराचं कौतुक करताना 'आमचे आजोबा जुनी फायनल होते' असं सांगतात, ते याच परीक्षेबद्दल.

मॅट्रिकच्या गुणांचं खरं वजन किती, हे बघायचं तर १९०७ साल बघावं. त्या वर्षी एल्फिन्स्टन हायस्कूलमधून भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. गुण ७५० पैकी २८२. आजच्या हिशेबात अडतीस टक्केही नाहीत. पण अस्पृश्य समाजातला मुलगा मॅट्रिक झाला ही घटना एवढी मोठी होती, की मुंबईत त्यांच्या सत्कारासाठी सभा भरली. अध्यक्ष सीताराम केशव बोले होते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्या मुलाच्या हातात दिलं. पुढच्या शिक्षणासाठी सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळाली, त्यातही केळुसकरांचा हात होता. 'पुढे काय' याचं उत्तर गुणपत्रिकेत नव्हतं. ते त्या सभेतल्या माणसांनी शोधून दिलं.

दुसऱ्या टोकाला चिंतामणराव देशमुख. १९१२ला ते मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी पटकावली. हेच पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. 'शंकरशेट स्कॉलर' हे बिरूद पुढची कित्येक वर्षं माणसाच्या नावाला आयुष्यभर चिकटून राहायचं. शाळांच्या भिंतींवरचे सोनेरी अक्षरांतले लाकडी फलक याच काळातले. आमच्या शाळेतला फलक इतका वर टांगलेला होता, की नावं वाचायला मान मोडायची. बहुधा तोच हेतू असावा.

हे सगळं मुंबई इलाख्यातलं. विदर्भ तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात होता आणि तिथल्या शाळांसाठी १९२२च्या कायद्यानं नागपूरला वेगळं मंडळ झालं. मराठवाडा निजामाच्या राज्यात, त्यामुळे तिथल्या मराठी मुलाला उस्मानिया विद्यापीठाच्या उर्दू चौकटीतून जावं लागे. गोव्यात लिसेव, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळा, होतं, पण पोटापाण्यासाठी मुंबई गाठायची असलेले गोंयकार इंग्रजी शाळांतून मुंबईच्या मॅट्रिकला बसत. गोव्याचं स्वतःचं बोर्ड १९७५ मध्ये झालं.

स्वातंत्र्यानंतर ही परीक्षा विद्यापीठाच्या हातून सुटली. मुंबई राज्यानं १९४८ मध्ये कायदा केला, स्वतंत्र मंडळ नेमलं आणि १९४९पासून मॅट्रिकऐवजी एस.एस.सी. सुरू झाली. नावातच फरक होता. मॅट्रिक म्हणजे विद्यापीठात प्रवेश, तर एस.एस.सी. म्हणजे माध्यमिक शाळा पुरी केल्याचं प्रमाणपत्र. पण दाराची सवय जाते कुठे? त्या काळात मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून शिकवत आणि इंग्रजी न घेताही एस.एस.सी. होता येई. कॉलेज मात्र इंग्रजीशिवाय उभं करत नसे. कागदावर दोघंही पास, पण एक आत आणि एक बाहेर. घरोघरी तर पुढची पंचवीसेक वर्षं अकरावीला 'मॅट्रिक'च म्हणत राहिले.

हो, अकरावी. तेव्हा शाळा अकरावीला संपायची. संयुक्त महाराष्ट्र झाला तरी विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्र यांच्या परीक्षांचा जुना वारसा वेगवेगळाच होता. १९६५च्या कायद्यानं ते एका छताखाली आणले आणि १ जानेवारी १९६६ पासून राज्य मंडळ कामाला लागलं. तोवर गावोगाव हायस्कुलं निघत होती. यशवंतराव चव्हाणांच्या काळात सुरू झालेल्या ई.बी.सी., म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीच्या, सवलतीमुळे गरीब घरातल्या मुलांची फी माफ होत होती. ज्यांच्या घरात कुणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं, अशी पहिली पिढी याच वर्षांत एस.एस.सी.ला बसली. गणित-इंग्रजीत अडकून वाऱ्या करणारेही त्यांच्यातच जास्त होते. मार्चला राहिलेले 'ऑक्टोबरवाले' झाले. तेही न जमलेले शाळा सोडून सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसू लागले. लग्नानंतर, दोन मुलं झाल्यावर सतरा नंबर भरून दहावी झालेल्या बायका आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या नात्यात सापडतील.

मग आलं १९७५. कोठारी आयोगानं (१९६४-६६) देशभर एकच आराखडा सुचवला होता: दहा वर्षं शाळा, दोन वर्षं उच्च माध्यमिक, तीन वर्षं पदवी. महाराष्ट्रात त्या आराखड्यातली पहिली दहावी १९७५ला बाहेर पडली आणि जुन्या अकरावीची शेवटची तुकडीही त्याच वर्षी. आमच्या घरात थोरली आत्या जुन्या अकरावीला आणि धाकटी नव्या दहावीला, अशा दोघी एकाच उन्हाळ्यात एकाच कंदिलाशी बसल्या. निकालही त्याच वर्षी लागले. आजोबांनी पेढ्यांचा एकच पुडा आणला, यावरून थोरली अजून बोलते. वर्षभर तिची पुस्तकं वापरता येतील म्हणून वाट बघणाऱ्या धाकटीच्या पदरी तरी काय पडलं? अभ्यासक्रम बदललेला, त्यामुळे पुस्तकंही नवीच घ्यावी लागली.

थोरली प्री-डिग्रीला, म्हणजे कॉलेजातल्या पदवीआधीच्या वर्गाला गेली. धाकटी 'ज्युनिअर कॉलेज' नावाच्या अगदी नव्या चीजेत. ही चीज नेमकी शाळा की कॉलेज, हे महाराष्ट्रानं धड ठरवलंच नाही. काही ठिकाणी अकरावी-बारावीचे वर्ग हायस्कुलांना जोडले, बऱ्याच ठिकाणी सीनिअर कॉलेजांना. दहावी संपली की मुलगा गणवेश टाकून कॉलेजकुमार होतो ही आपल्याकडची रीत इथून पडली. पहिली बारावी १९७७ला झाली. माझ्या मते खरी उलथापालथ दहावीची नव्हतीच, ती या दोन वर्षांची होती. कारण डॉक्टर-इंजिनिअरचं दार सरकून बारावीपाशी गेलं आणि दहावी झाली त्या दाराकडे जाणारी पायरी.

तरीही दहावीचा डामडौल याच काळात वाढला. 'बोर्डात आला' हे शब्द आठवा. बोर्ड पहिल्या पन्नासांची गुणवत्ता यादी जाहीर करायचं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पेढा भरवणारे आईबाप आणि 'रोज किती तास अभ्यास करायचास?' हा ठरलेला प्रश्न. पुण्या-मुंबईच्या ठरावीक शाळांची ही मिरासदारी पुढे लातूरनं मोडली. सराव परीक्षांवर सराव परीक्षा, सुट्टीतही वर्ग, हा 'लातूर पॅटर्न' एवढा गाजला की पालक मुलांना घेऊन तिथे खोल्या भाड्यानं घेऊन राहू लागले. विसाव्या शतकाचं शेवटचं दशक लातूरचं होतं म्हटलं तरी चालेल. गुणवत्ता यादी या शतकाच्या पहिल्या दशकात बंद झाली. ताण कमी होईल असं सांगितलं गेलं. क्लासवाल्यांनी त्या जागी स्वतःचे फ्लेक्स लावले.

पुढच्या वाटाही पसरत होत्या. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. तोवर पुण्याचं सी.ओ.ई.पी., मुंबईचं व्ही.जे.टी.आय., सांगलीचं वालचंद, नागपूरचं व्ही.आर.सी.ई. अशी बोटांवर मोजण्याजोगी नावं होती. जागा वाढल्या, त्याबरोबर 'डोनेशन' हा शब्द मध्यमवर्गाच्या जेवणाच्या ताटापर्यंत आला आणि १९८७ला कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा करावा लागला. पुढे सी.ई.टी. ही वेगळी प्रवेश परीक्षा आली, मग जे.ई.ई. आणि नीट. आता बारावीच्या गुणांचंही तेच झालं, जे दहावीचं झालं होतं: दार आणखी पुढे सरकलं. हजेरीपुरतं कॉलेज आणि दिवसभर क्लास हा 'इंटिग्रेटेड' प्रकार त्यातूनच निघाला.

या सगळ्यात दहावीच्या गुणांना एकच मोठं काम उरलं, ते अकरावीच्या प्रवेशाचं. मग भांडणंही तिथेच पेटली. मुंबईतली नावाजलेली कॉलेजं मोजकी, आणि त्यांच्यावर डोळा एस.एस.सी.चा, आय.सी.एस.ई.चा, सी.बी.एस.ई.चा. २००८ला राज्यानं वेगवेगळ्या बोर्डांचे गुण एका मापात आणायला पर्सेंटाइलचं सूत्र काढलं, ते उच्च न्यायालयात पडलं. २००९ला नव्वद टक्के जागा एस.एस.सी.साठी राखल्या, तेही पडलं. २०१०ला 'बेस्ट फाइव्ह', म्हणजे सर्वांत चांगल्या पाच विषयांचे गुण धरायचे, हे उच्च न्यायालयात पडलं पण सर्वोच्च न्यायालयात तरलं. तीन वर्षं लागोपाठ मुलांचा जुलै महिना वकिलांच्या तारखांवर गेला.

टक्के किती पातळ झाले होते हे २०१९नं दाखवलं. शाळेच्या हातातले अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण काढले आणि राज्याचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, गुण परत दिले, पुढच्या वर्षी निकाल ९५.३० टक्के. त्यानंतर २०२१. करोनामुळे परीक्षाच झाली नाही. नववीचे आणि दहावीतले अंतर्गत गुण जोडून निकाल लावला: ९९.९५ टक्के. १६ जुलैला निकाल लागला आणि संकेतस्थळ तासन्‌तास उघडेना. न दिलेल्या परीक्षेचा निकाल बघायला राज्यभर एवढी झुंबड! अकरावीसाठी सी.ई.टी. घ्यायचं ठरलं होतं, ते उच्च न्यायालयानं ऑगस्टमध्ये रद्द केलं. म्हणजे त्या वर्षी शाळेतून बाहेर पडायला परीक्षा नव्हती आणि पुढे आत जायलाही नव्हती. १८५९पासून असं कधी घडलं नव्हतं.

२०२५ला निकाल १३ मे रोजीच लागला, ९४.१० टक्के. कोकण विभाग २०१२पासून स्वतंत्र झाला तसा नेहमीप्रमाणे त्या वर्षीही पहिला. त्याच वर्षी अकरावीचे प्रवेश पहिल्यांदा साऱ्या राज्यात एकाच ऑनलाइन खिडकीतून झाले. तोवर ही भानगड मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांपुरती होती. गावात एकच ज्युनिअर कॉलेज असलेली मुलंही आता सायबर कॅफेत बसून पसंतीक्रमाचे दहा रकाने भरत होती. पहिल्यात गावचं कॉलेज, दुसऱ्यात तालुक्याचं, आणि मग उरलेल्या आठांत काय लिहायचं ते कॅफेवाल्यालाच विचारत होती.